धरायचं आणि सोडायचंही

परवा आमचे मावसदीर जेवायला आले होते. बँकेतून निवृत्त झालेले, वाचनाची आवड असलेले गृहस्थ. वाढता वाढता त्यांनी विचारलं, ‘‘वहिनी, तुमचं काम नक्की कशावर आहे? मागे कॅटॅलिस्ट म्हणालात, मग हायड्रोजन, आता म्हणताय छोटा उदेपूरचं पाणी. हे तीन वेगळे धंदे झाले की.’’

पंगतीत नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे. तीन धंदे नाहीत ते. प्रश्न एकच आहे. एखादा घन पदार्थ आपल्या पृष्ठभागावर कुठल्या रेणूला धरतो, किती घट्ट धरतो आणि वेळ आली की सोडतो का? धरणारे पदार्थ पुष्कळ सापडतात. सोडणारे मिळवताना माणसाची वर्षं जातात.

बडोद्यात वाढलेल्या मुलीला हा विषय भेटणारच होता. शहराच्या उत्तरेला कोयलीची रिफायनरी 1965 पासून चालू आहे, जवळच फर्टिलायझरचा कारखाना, आणि आयपीसीएल ही पेट्रोकेमिकल कंपनी, जी पुढे रिलायन्सकडे गेली. बाबा आयपीसीएलमध्ये होते. शटडाऊन चालू असला की ते दोन-दोन दिवस घरी येत नसत आणि आई शेजाऱ्यांना सांगायची, ‘‘कॅटॅलिस्ट बदलतायत.’’ अर्थ कळायच्या आधीपासून तो शब्द आमच्या घरात असा रुळलेला होता. कॅटॅलिस्ट म्हणजे उत्प्रेरक, स्वतः न संपता रासायनिक क्रिया वेगाने घडवणारा पदार्थ.

बाबांनी मला समजावून सांगितलेला पहिला उत्प्रेरक झायलीनचा. झायलीन हा पेट्रोलियमपासून मिळणारा द्रव. त्याचे तीन प्रकार असतात, रेणुसूत्र एकच, मांडणी वेगळी. पॉलिस्टर बनवायला त्यातला पॅरा-झायलीन लागतो. 1980च्या दशकात पुण्याच्या एनसीएल या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉल रत्नसामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेला झिओलाइट (सूक्ष्म छिद्रांचा घन पदार्थ) उत्प्रेरक आयपीसीएलच्या झायलीन प्लांटमध्ये बसला. तोवर असले उत्प्रेरक बाहेरून यायचे. या झिओलाइटच्या आत अर्ध्या नॅनोमीटरहून जेमतेम मोठ्या वाटा असतात. पॅरा-झायलीन सडपातळ, तो झटकन बाहेर पडतो. बाकीचे दोघे आतच रेंगाळतात आणि रेंगाळता रेंगाळता त्यांचंही रूप बदलतं. म्हणजे वाट पुरेशी अरुंद ठेवली की निवड आपोआप होते. बाबा हे कागदावर पेन्सिलीने काढून दाखवायचे. पुण्याची प्रयोगशाळा आणि बडोद्याचा कारखाना यांच्यातला तो धागा मला आजही फार मोलाचा वाटतो, कारण संशोधन कारखान्यापर्यंत पोचलेलं मी घरच्या टेबलावर पाहिलं.

उत्प्रेरकाचा मूळ नियम फ्रान्सच्या तुलूझमध्ये काम करणाऱ्या पॉल साबातिए यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांना 1912चं नोबेल मिळालं, बारीक धातूंच्या साह्याने सेंद्रिय पदार्थांवर हायड्रोजन चढवण्याच्या कामासाठी. आपल्याकडचं वनस्पती तूप त्याच रसायनातून आलं, निकेलच्या पृष्ठभागावर. नियम असा की पृष्ठभागाने रेणूला फार सैल धरलं तर काहीच घडत नाही, रेणू येतो आणि तसाच जातो. फार घट्ट धरलं तर तयार झालेला माल हलत नाही, जागा अडून राहते आणि पुढच्याला थारा मिळत नाही. काम मधल्या ताकदीवर होतं. पाण्यातून हायड्रोजन काढायच्या इलेक्ट्रोडचं उदाहरण घ्या. सोनं हायड्रोजनला पुरेसं धरत नाही, टंगस्टन गरजेपेक्षा जास्त धरतो, आणि प्लॅटिनम बरोबर मधे बसतो. प्लॅटिनम महाग असूनही वापरतात ते त्या मधल्या जागेसाठी.

ही मधली जागा पूर्वी केवळ चिकाटीने शोधत. अमोनियासाठी जर्मनीत बीएएसएफ कंपनीच्या आल्विन मिटाश यांनी 1912च्या सुमारापर्यंत सुमारे अडीच हजार पदार्थ घेऊन साडेसहा हजार चाचण्या केल्या होत्या. सरस ठरलं ते स्वीडनच्या खाणीतल्या लोहखनिजाच्या एका नमुन्यासारखं मिश्रण, कारण त्यात ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचं ऑक्साइड) आणि पोटॅशियमची भेसळ योग्य प्रमाणात होती. आजही खतकारखान्यांतला अमोनिया मुख्यतः लोखंडावरच बनतो. फर्टिलायझरनगरवरून जाताना मला दर वेळी तो नमुना आठवतो. शुद्ध लोखंड मागे पडलं आणि भेसळीचं पुढे गेलं, ही गोष्ट मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला पहिल्याच आठवड्यात सांगते.

आता हायड्रोजन.

सरकारने 2023च्या जानेवारीत हरित हायड्रोजन मिशन मंजूर केलं, 19,744 कोटी रुपयांचं, 2030पर्यंत वर्षाला 50 लाख टनांचं लक्ष्य ठेवून. तेव्हापासून मला भेटणारा प्रत्येक जण हायड्रोजन बनवण्याबद्दल विचारतो. साठवण्याबद्दल क्वचितच कुणी विचारतं, आणि माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे. एक किलो हायड्रोजनमध्ये सुमारे 33 युनिट विजेइतकी ऊर्जा असते. पेट्रोलच्या जवळजवळ तिप्पट, वजनाच्या हिशेबाने. पण तोच एक किलो साध्या दाबाला आणि खोलीच्या तापमानाला सुमारे 12 घनमीटर जागा व्यापतो, म्हणजे एक लहानशी खोलीच भरून टाकतो. गाडीला पाच-सहा किलो लागतो.

म्हणून त्याला दाबतात. 700 बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे सातशे पट दाबाला एका लिटरमध्ये 40 ग्रॅमच्या आसपास मावतो, कार्बन फायबरची महागडी टाकी लागते. किंवा थंड करतात, उणे 253 अंशांपर्यंत, मग लिटरला 71 ग्रॅम मिळतात. पण त्या थंडाव्यावर हायड्रोजनमधल्याच ऊर्जेच्या तिसऱ्या हिश्शाएवढी ऊर्जा खर्च होते. तिसरा रस्ता माझा. हायड्रोजन एखाद्या घन पदार्थात बसवायचा आणि हवा तेव्हा काढून घ्यायचा.

मॅग्नेशियम हायड्रोजन भरभरून घेतो, वजनाच्या 7.6 टक्के. दिसायला आकडा सुंदर. पण तो परत घ्यायचा तर 300 अंशांच्या आसपास तापवावं लागतं, कारण बंध फार पक्का आहे, मोलला, म्हणजे दोन ग्रॅम हायड्रोजनमागे, सुमारे 75 किलोज्यूलचा. गाडीत बसलेल्या माणसाच्या पाठीमागे 300 अंशांची भट्टी कोण ठेवणार? उलट लँथेनम-निकेलचा मिश्रधातू खोलीच्या तापमानाला, थोड्याशा दाबाला हायड्रोजन घेतो आणि तितक्याच समजुतीने सोडतो. त्याचा स्वभाव लाख मोलाचा, पण वजन जड. जेमतेम 1.4 टक्के हायड्रोजन. त्याच्याच कुळातले मिश्रधातू रिचार्ज होणाऱ्या निकेल-मेटल-हायड्राइड सेलमध्ये आहेत, तेव्हा तुमच्या घरातही धातूत साठवलेला हायड्रोजन असण्याची शक्यता बरीच आहे.

तिसरी जमात सच्छिद्र पदार्थांची, ज्यांच्या भिंतींना हायड्रोजनचा रेणू नुसता टेकतो. 2025चं रसायनशास्त्राचं नोबेल ज्या कामाला मिळालं, कितागावा, रॉबसन आणि याघी यांच्या धातू-सेंद्रिय जाळ्यांना, ते हेच पदार्थ. आम्ही लॅबमध्ये मॉफ म्हणतो. धातूचे अणू म्हणजे सांधे, सेंद्रिय रेणू म्हणजे दांड्या, आणि मधे रिकाम्या खोल्या. एका ग्रॅममध्ये काही हजार चौरस मीटर भिंत असते. पण इथे नेमकी उलटी अडचण. पकड मोलला पाच-दहा किलोज्यूलची. द्रव नायट्रोजनच्या थंडाव्यात, उणे 196 अंशांना, हायड्रोजन छान बसतो. बडोद्याच्या मे महिन्यात सगळा उठून जातो. खोलीच्या तापमानाला साठवण हवी तर पकड साधारण 15 ते 25 किलोज्यूलच्या मधे हवी. मॅग्नेशियम एका टोकाला, मॉफ दुसऱ्या टोकाला, आणि आमची सगळी धडपड मधल्या पट्ट्यात पाय ठेवायला जागा शोधण्याची.

(जाता जाता: आमचा द्रव नायट्रोजन ज्या डेवारात, म्हणजे थर्माससारख्या भांड्यात, येतो, तसल्याच भांड्यांतून आणंदकडच्या दूधपट्ट्यात जनावरांच्या कृत्रिम रेतनाचे डोस गावोगाव फिरतात. एकदा पोचवायला आलेल्या माणसाने माझ्या विद्यार्थिनीला विचारलं होतं, ‘‘बेन, तमारे अहीं केटली गायो छे?’’ म्हणजे, तुमच्याकडे गायी किती? त्याला आम्ही आत बोलावून अख्खं यंत्र दाखवलं. त्याने विचारलेले प्रश्न एखाद्या परीक्षकाच्या तोडीचे होते.)

हे मोजायचं कसं, ते थोडं जवळून सांगते, कारण या क्षेत्राची अब्रू मोजणीवर टिकून आहे. एका ठरावीक आकाराच्या स्टीलच्या भांड्यात दाबाखाली हायड्रोजन घ्यायचा. व्हॉल्व्ह उघडून तो नमुन्यावर सोडायचा. दाब जेवढा अपेक्षेपेक्षा जास्त उतरेल, तेवढा हायड्रोजन नमुन्याने घेतला असं धरायचं. ऐकायला सोपं. पण हायड्रोजन हा सगळ्यांत लहान रेणू. एखादा सांधा केसभर सैल असला तरी तो बाहेर निघून जातो आणि दाब उतरतो. म्हणजे गळती कागदावर साठवणीसारखीच दिसते, आणि आकडा जितका चांगला तितका संशय जास्त घ्यायचा.

आता हिशेब पाहा. आमचा नमुना अर्ध्या ग्रॅमचा. त्याने एक टक्का हायड्रोजन घेतला तर तो झाला 5 मिलिग्रॅम. यंत्रातली जागा 50 मिलिलिटरची, दाब 40 बारचा, म्हणजे आत वायूरूपात सुमारे 160 मिलिग्रॅम हायड्रोजन आहे. खोलीचं तापमान एका अंशाने हललं तर दाब साधारण तीनशेव्या हिश्शाने हलतो, म्हणजे अर्ध्या मिलिग्रॅमइतका फरक. उत्तराचा दहावा हिस्सा, केवळ एसीने एकदा श्वास घेतला म्हणून! त्यामुळे उन्हाळ्यात आम्ही मापनं रात्री लावतो. वीज स्थिर असते, दार उघडझाक होत नाही, आणि यंत्राला थर्मोकोलचा अंगरखा घातलेला असतो.

माझी एक विद्यार्थिनी साबणाच्या पाण्यात बुडवलेला रंगाचा ब्रश प्रत्येक सांध्याला लावून बुडबुडे बघत बसते. परवा म्हणाली, ‘‘मॅडम, लीकेज नथी. त्रण वार जोयुं.’’ गळती नाही, तीनदा पाहिलं. मी म्हटलं, ‘‘आता हेलियम भरून पाहा.’’ हेलियम नमुन्यावर जवळजवळ बसत नाही, म्हणून त्याचा दाब रात्रभर जागचा हलता कामा नये. हलला, तर दोष यंत्राचा. तिने कुरकुर न करता भरला. 1990च्या दशकाच्या शेवटी ग्राफाइटच्या सूक्ष्म तंतूंमध्ये 60 टक्क्यांहून जास्त हायड्रोजन मावतो असे आकडे छापून आले होते. जगभर लोकांनी ते पुन्हा करून पाहिलं, कुणाला मिळालं नाही. त्या एका आकड्यामागे किती तरुणांची उमेदीची वर्षं गेली असतील, याचा विचार आला की मी सांध्यांवरून हात फिरवून पुन्हा एकदा बघते.

घन पदार्थांखेरीज आमचं दुसरं काम फॉर्मिक आम्लावर चालतं. मुंगी चावल्यावर आग होते ते आम्ल, रबराचा चीक गोठवायला वापरतात तेही हेच. 46 ग्रॅम आम्लात 2 ग्रॅम हायड्रोजन, म्हणजे वजनाने 4.4 टक्के. पण ते द्रव आहे, बाटलीत राहतं, आणि एका लिटरमध्ये 53 ग्रॅम हायड्रोजन बसतो, 700 बारच्या टाकीपेक्षा जास्त. योग्य उत्प्रेरक टाकला की कोमट पाण्याच्या तापमानालाच हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सुटतात. उलट्या काचेच्या नळीत पाण्याची पातळी खाली सरकत जाते आणि आम्ही दर मिनिटाला आकडा लिहितो. मला या प्रयोगाचा अजून कंटाळा आलेला नाही.

इथेही गाठ तीच. फॉर्मिक आम्लाला तुटायच्या दोन वाटा आहेत. एका वाटेने हायड्रोजन मिळतो, दुसरीने पाणी आणि कार्बन मोनॉक्साइड. पॅलेडियम हा धातू पहिल्या वाटेने चांगला चालतो, पण दुसऱ्या वाटेचा चिमूटभर मोनॉक्साइड तयार झाला की त्याला असा कवटाळून बसतो की मग दुसऱ्या कशाला जागाच उरत नाही. शिवाय तोच मोनॉक्साइड पुढे हायड्रोजनपासून वीज करणाऱ्या फ्युएल सेलच्या प्लॅटिनमलाही मारतो. पॅलेडियममध्ये थोडं सोनं किंवा चांदी मिसळली की पकड जरा ढिली होते आणि उत्प्रेरक जास्त टिकतो. सध्या माझे दोन विद्यार्थी त्या जागी स्वस्त धातू बसतो का ते पाहताहेत. अजून पॅलेडियमच्या जवळपास पोचलेलो नाही. पण दिशा बरोबर आहे असं मला मनापासून वाटतं.

आणि हायड्रोजनला शेवटी पाणीच लागतं. विजेने पाणी फोडून एक किलो हायड्रोजन काढायचा तर नुसत्या हिशेबानेच 9 लिटर पाणी, तेही अगदी शुद्ध. तेव्हा हायड्रोजनवाल्याने पाण्याचा विचार करायचा नाही, हे मला पटत नाही.

पाण्याच्या बाबतीत बडोदेकर नशीबवान. सयाजीराव महाराजांनी आजव्याचा तलाव बांधून घेतला तो एकोणिसाव्या शतकात, आणि त्याचं पाणी शहर आजही पितं. पुढे मही नदीच्या पात्रातल्या फ्रेंचवेल, म्हणजे वाळूत खोदलेल्या विहिरी, आल्या. फाजलपूर, रायका, दोडका, पोईचा. नदीच्या वाळूतूनच गाळून आलेलं पाणी. उपनगरातल्या बायका अजून विचारतात, ‘‘तुमच्याकडे आजवा की फ्रेंचवेल?’’

कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी 1983 पासून सुमारे 55 किलोमीटरचा कालवा आहे, तो महीच्या मुखाकडे खंभातच्या आखाताला जातो. रंगाच्या सांडपाण्यावर आम्हीही काम करतो, पण त्याबद्दल मी थोडक्यातच लिहिणार आहे. टायटॅनियम डायऑक्साइड पाण्यात घालायचा, वर अतिनील प्रकाश, आणि मिथिलीन ब्लूचा निळा रंग तासाभरात जातो. याचे बाटल्यांचे फोटो ढिगाने छापले जातात. मला त्या फोटोंचा भरवसा वाटत नाही. रंग जातो तेव्हा रेणूचा प्रकाश शोषणारा भाग तुटलेला असतो, एवढंच. उरलेले तुकडे पाण्यातच असतात, आणि कापडरंगाईतल्या काही ॲझो रंगांचे तुकडे मूळ रंगापेक्षा वाईट असू शकतात. पाण्यात एकूण सेंद्रिय कार्बन किती उरला हे मोजल्याखेरीज माझ्याकडे प्रबंधात ‘शुद्धीकरण’ असं लिहू दिलं जात नाही. यावरून विद्यार्थ्यांशी वाद होतात, कारण ते मापन वेळखाऊ आहे आणि आकडे हिरमोड करतात. ज्या गावात 1890 साली कलाभवन सुरू झालं, जिथे त्रिभुवनदास गज्जरांनी रंगाईचं रसायनशास्त्र शिकवलं आणि पुढे 1907मध्ये कोटिभास्कर आणि अमीन यांच्याबरोबर अलेम्बिक कंपनी उभी केली, त्या गावात रंगाच्या रसायनाशी इतपत तरी प्रामाणिक राहायला हवं.

आता मावसदिरांचं ‘छोटा उदेपूरचं पाणी’. छोटा उदेपूर आधी आमच्या वडोदरा जिल्ह्यातच होतं, 2013मध्ये वेगळा जिल्हा झाला. तिथे कवांट तालुक्यात अंबाडुंगर नावाचा डोंगर आहे. भूगर्भशास्त्रज्ञांना तो ठाऊक असतो, कारण तिथे फ्लोरस्पारचे साठे आहेत, म्हणजे कॅल्शियम फ्लोराइडचा दगड. जवळच कडीपाणीला खनिज महामंडळाचा प्रकल्प त्यासाठीच उभा राहिला. ज्या भागात असे खडक, त्या भागातल्या काही विहिरी आणि हातपंपांत फ्लोराइड उतरतं. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात ते लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5.

फ्लोराइडला रंग नाही, वास नाही. त्या भागातल्या एका फळियात, म्हणजे पाड्यात, आम्ही नमुने घ्यायला गेलो तेव्हा दोन हातपंप होते. जास्त फ्लोराइडचा जो निघाला, तोच बायकांच्या आवडीचा होता. एक आजी म्हणाल्या, या पाण्यात डाळ लवकर शिजते. त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. त्या पाण्यात कॅल्शियम कमी होतं, म्हणून डाळ लवकर शिजते. आणि कॅल्शियम कमी असल्यामुळेच फ्लोराइड खाली न बसता पाण्यात राहतं. शाळेतल्या मुलांच्या दातांवर आडव्या तपकिरी रेघा होत्या. कायमचे दात हिरडीच्या आत घडत असतात तेव्हा हे नुकसान होतं, नंतर पाणी बदललं तरी रेघ जात नाही. हाडाच्या खनिजात तर फ्लोराइड हायड्रॉक्सिलला (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोडीला) बाजूला सारून त्याची जागा घेतं आणि तिथे घट्ट बसतं. त्या दिवशी परतताना जीपमध्ये कुणी फारसं बोललं नाही.

नागपूरच्या नीरी या संशोधनसंस्थेने तुरटी आणि चुन्याची नालगोंडा पद्धत फार पूर्वी दिली, ती आजही कामाची आहे, पण रोज माप घालून ढवळायला आणि गाळ टाकायला माणूस हवा. दुसरा उपाय सक्रिय ॲल्युमिनाचा. पांढऱ्या गोळ्यांचा फिल्टर, वरून पाणी ओतायचं. हिशेब मांडते. पाण्यात लिटरला 4 मिलिग्रॅम फ्लोराइड आहे, ते 1वर आणायचं आहे, घरात पिण्या-रांधण्याला रोज 20 लिटर लागतं. म्हणजे रोज 60 मिलिग्रॅम फ्लोराइड धरायचं. साध्या पाण्यात एक ग्रॅम ॲल्युमिना प्रत्यक्षात एखादा मिलिग्रॅम धरते असं समजू. तीन किलोचा फिल्टर पन्नास दिवसांत भरला. एक्कावन्नाव्या दिवशी पाण्याची चव तीच, रूप तेच, धार तीच, आणि फ्लोराइड सगळं खाली. अशा गावांत धूळ खात पडलेले फिल्टर मी पाहिले आहेत. फिल्टर वाटले जातात, पण पन्नासाव्या दिवसानंतरचा विचार कुणी केलेला नसतो.

आम्ही ॲल्युमिनाच्या गोळ्यांवर झिर्कोनियम हा धातू चढवतो. झिर्कोनियमला फ्लोराइडची ओढ जबरदस्त. फ्लोराइड तपासायची जी जुनी चाचणी आहे तीच त्यावर चालते: झिर्कोनियमला बांधलेला लाल रंग असतो, पाण्यातलं फ्लोराइड त्याच्याकडून झिर्कोनियम ओढून घेतं आणि लाली उतरते. परीक्षानळीत तो लाल फिका होताना फळियातल्या मुलींनी पाहिलं आणि लगेच आपापल्या घरचं पाणी बाटलीत भरून आणलं. त्या दुपारी आम्ही सगळ्यांचं तपासलं.

पण ओढ जबरदस्त, म्हणजे सोडवणंही अवघड. कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाने गोळ्या धुतल्या की हायड्रॉक्सिल आत जातं आणि फ्लोराइड बाहेर येतं. मग सौम्य आम्लाने धुवून गोळ्या पुन्हा तयार. झिर्कोनियम जास्त चढवलं तर पहिल्या फेरीत आकडा डोळे दिपवतो, आणि नंतरच्या फेऱ्यांत उतरत जातो, कारण धुऊनही काही जागा मोकळ्या होत नाहीत. थोडं कमी चढवलं तर पहिला आकडा बेताचा, पण तो फेरीमागून फेरी तसाच राहतो. मी दुसऱ्या प्रकारच्या बाजूने आहे. नियतकालिकांना पहिला प्रकार आवडतो, आणि तरुण विद्यार्थ्यांना तो सोडायला सांगणं मला जड जातं.

कॉस्टिक फळियात न्यायचं नाही हे मात्र आम्ही पक्कं केलं आहे. हाताला लागलं तर कातडी जाते, घरात पोरंबाळं असतात. त्यामुळे गॅसचं सिलिंडर बदलतात तसं करायचं ठरतंय: भरलेला डबा द्यायचा, ताजा घ्यायचा. बायका आठवडी हाटाला कवांटला जातातच, डबा दीड महिन्याला एकदा बरोबर आणला की झालं. सखी मंडळातल्या, म्हणजे बचत गटातल्या, दोघी लाल रंगाची चाचणी शिकल्या आहेत आणि वहीत तारखा लिहितात. धुण्याचं काम कवांटला एका शेडमध्ये.

आता उरलं ते धुवण. त्यात सगळं फ्लोराइड एकवटलेलं असतं, ते ओढ्यात सोडलं तर आपण काहीच केलं नाही. चुना घातला की त्यातलं बरंचसं कॅल्शियम फ्लोराइड होऊन खाली बसतं. पांढरा, जड साका. रसायन म्हणून पाहिलं तर अंबाडुंगरात खणतात तोच पदार्थ. पण साका बसल्यावर वरच्या पाण्यात लिटरला आठेक मिलिग्रॅम फ्लोराइड उरतंच, कारण तो क्षार थोडासा विरघळतोच. म्हणून ते पाणी बाहेर न सोडता पुढच्या धुण्यात पुन्हा वापरायचं. असं किती वेळा फिरवता येईल, त्यात सोडियम कुठवर साचेल आणि गोळ्या ते कुठवर सोसतील, हे पाहण्यासाठी लॅबमध्ये काचेच्या चार नळ्या शेजारी शेजारी लावल्या आहेत. मावसदिरांना सवड असेल तेव्हा त्यांनी येऊन बघावं. दांडिया बाजारातून रिक्षाने दहा मिनिटं लागतात.